४ आणि ६ ने भाग जातो, मग २४ ने का जात नाही? सहमूळ संख्यांची विसरलेली अट

प्रश्न बहुतेक वेळा याच वळणाने येतो. "७५२४ ला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो. ४ × ६ = २४. मग २४ ने भाग जायलाच हवा. उत्तरसूचीत 'नाही' दिलंय. उत्तर चुकीचं छापलंय का?"

छापलेलं उत्तर बरोबर आहे. ७५२४ चे शेवटचे दोन अंक २४, म्हणून ४ ने भाग जातो. अंकांची बेरीज १८ आणि संख्या सम, म्हणून ६ नेही जातो. दोन्ही कसोट्या नीट लावल्या आहेत, ४ × ६ हा गुणाकारही बरोबर आहे. तरी २४ × ३१३ = ७५१२, आणि १२ बाकी उरतात. प्रत्येक पायरी तपासून बघितली तरी चूक सापडत नाही, आणि त्यामुळेच हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. चूक पायरीत नाही, दोन पायऱ्या जोडण्यात आहे.

७५२४ चे मूळ अवयव पाडून बघा: २ × २ × ३ × ३ × ११ × १९. यात २ हा अवयव दोनदाच आहे. ४ ने भाग जायला दोन २ लागतात, ते दोन्ही तिथे खर्च झाले. ६ ने भाग जायला एक २ आणि एक ३ लागतो. ३ आहेच, आणि २? आधीच वापरलेल्यातलाच एक पुन्हा मोजला गेला. २४ ला मात्र खरोखरचे तीन २ हवेत, आणि तेवढे या संख्येत नाहीत. एकच नोट दोन दुकानदारांना दाखवून दोघांचीही उधारी फिटेल म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

आता तेच २४ दुसऱ्या रीतीने फोडा: ३ × ८. ३ ला फक्त ३ लागतो, ८ ला तीन २ लागतात. दोघांच्या गरजेत सामाईक काहीच नाही, त्यामुळे कुठलाही अवयव दोनदा मोजला जाण्याचा धोका नाही. ७५२४ चे शेवटचे तीन अंक ५२४, त्याला ८ ने भागलं की ४ उरतात. म्हणजे ८ ने जात नाही, म्हणून २४ ने जात नाही. प्रश्न संपला.

३ आणि ८ सहमूळ आहेत, म्हणजे त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही; ४ आणि ६ तसे नाहीत. सगळा फरक एवढाच. 'दोन संख्यांनी भाग जातो म्हणून त्यांच्या गुणाकाराने जातो' हा नियम त्या दोन संख्या सहमूळ असतील तरच खरा. एरवी खात्री देता येते ती फक्त लसाविची. ४ आणि ६ ने भाग जाणाऱ्या संख्येला १२ ने नक्की भाग जातो, २४ ने जाईलच असं नाही. म्हणून १२ साठी ३ आणि ४ घ्या, २ आणि ६ नको (१८ ला २ ने जातो, ६ ने जातो, १२ ने जात नाही). ३६ साठी ४ आणि ९. ४५ साठी ५ आणि ९. ३ आणि १५ घेतलेत तर ३० वर फसाल. ७२ साठी ८ आणि ९.

व्याख्येतला गोंधळ आधी काढून टाका

ज्या दोन संख्यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही त्या सहमूळ. म्हणजेच ज्यांचा मसावि १ आहे त्या. यापलीकडे व्याख्येत काही नाही, आणि काही घुसडूही नये.

सगळ्यात जास्त घुसडली जाणारी गोष्ट म्हणजे 'दोन्ही मूळ संख्या हव्यात'. तशी काही गरज नाही. ८ आणि १५ बघा. दोन्ही संयुक्त. ८ चे विभाजक १, २, ४, ८. १५ चे १, ३, ५, १५. सामाईक फक्त १, म्हणून सहमूळ. उलट ७ आणि २१ मध्ये ७ मूळ आहे, पण जोडी सहमूळ नाही, कारण ७ ने दोघांनाही भाग जातो. दोन वेगवेगळ्या मूळ संख्या नेहमीच सहमूळ असतात हे खरं, पण ते उलट फिरवून वापरता येत नाही. 'जोडमूळ' हा आणखी वेगळा विषय. तिथे दोन्ही संख्या मूळ लागतात आणि फरक २ लागतो, जसं ११ आणि १३. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नांत हे दोन शब्द पर्यायांमध्ये शेजारीशेजारी ठेवलेले असतात, ते उगीच नाही.

सहमूळ हा जोडीचा गुण आहे. "१५ सहमूळ आहे का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्न अर्धाच आहे. १५ ही ८ शी सहमूळ आहे, ९ शी नाही.

१ चं काय? १ ही प्रत्येक संख्येशी सहमूळ आहे, स्वतःशीसुद्धा. स्वतःशी सहमूळ असणारी तीच एक धन पूर्णांक संख्या. ० घेतलात तर ० आणि न यांचा मसावि न असतो (० ला कुठल्याही शून्येतर संख्येने भाग जातोच), म्हणून धन संख्यांपैकी ० ही फक्त १ शी सहमूळ ठरते. शाळेच्या पेपरात ० येत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मात्र हे लक्षात ठेवावं लागतं.

नजरेने ठरवण्याच्या सवयी मात्र सोडायला हव्यात. 'दोन्ही विषम आहेत, म्हणजे सहमूळ असणार.' २१ आणि ३५ दोन्ही विषम, पण ७ सामाईक. 'एक सम, एक विषम, म्हणजे सहमूळ.' ६ आणि ९. 'पहिली दुसरीशी सहमूळ, दुसरी तिसरीशी, म्हणजे पहिली तिसरीशीही.' ४ आणि ९ सहमूळ, ९ आणि ८ सहमूळ, ४ आणि ८? डोळे झाकून विश्वास ठेवता येईल असे अंदाज दोनच: लगतच्या दोन संख्या नेहमी सहमूळ असतात, आणि लगतच्या दोन विषम संख्याही. कारण एकच आहे आणि ते पुढे फार उपयोगी पडणार आहे. दोन संख्यांना ज्याने भाग जातो त्याने त्यांच्या वजाबाकीलाही भाग जातो. लगतच्या संख्यांची वजाबाकी १, म्हणजे सामाईक विभाजक १ च. लगतच्या विषम संख्यांची २, आणि विषम संख्येला २ ने भाग जात नाही, म्हणजे पुन्हा १ च उरतो.

ही चूक इतकी चिवट का

कारण ती बऱ्याचदा पचते. फार मोठ्या मर्यादेपर्यंतच्या संख्यांतून कोणत्याही दोन उचलल्या तर त्या सहमूळ असण्याची शक्यता सहा भागिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६१ च्या जवळ जाते. शंभरातल्या साधारण एकसष्ट जोड्यांत 'सहमूळ असतील तर' ही अट विसरलात तरी उत्तर बरोबरच येतं. जी पद्धत दहापैकी सहा वेळा चालते तिच्यावर कोण संशय घेणार?

त्यात भर शिकवण्याच्या क्रमाची. विभाज्यतेच्या जोडकसोट्यांमध्ये पहिली येते ६ ची: २ ने आणि ३ ने भाग जातो, म्हणून ६ ने. मग १५ ची: ३ ने आणि ५ ने. दोन्ही बरोबर. पण २, ३, ५ या मूळ संख्या असल्यामुळे अट आपोआप पाळली जाते, म्हणून तिचा उल्लेखही होत नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात बसतं ते 'गुणाकार करायचा' एवढंच. १२ आणि २४ येईपर्यंत सवय पक्की झालेली असते. माझ्या मते ६ ची कसोटी शिकवतानाच १२ साठी २ आणि ६ का चालत नाहीत हे दाखवायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे.

सहमूळ आहेत की नाहीत, हे तपासायचं कसं

लहान संख्या असतील तर २, ३, ५, ७ च्या कसोट्या पुरतात. खरी अडचण २२१ आणि ३९१ सारख्या जोड्यांची. दोन्ही विषम, ३ ने जात नाही, ५ ने जात नाही, ७ ने जात नाही, ११ नेही नाही. इथवर आल्यावर बरेच जण 'सहमूळ' लिहून पुढे जातात.

थांबा आणि वजाबाकी करा. ३९१ − २२१ = १७०. सामाईक विभाजक असेल तर त्याने १७० लाही भाग जायला हवा. १७० = २ × ५ × १७. म्हणजे तपासायला उरल्या फक्त तीन मूळ संख्या. २ नाही, ५ नाही, १७? २२१ = १३ × १७ आणि ३९१ = १७ × २३. सापडला. परीक्षेत हातात मिनिटभर असताना ही युक्ती अवयव पाडत बसण्यापेक्षा कितीतरी बरी. १५१७ आणि १५१९ तर तोंडी होतात: फरक २, दोन्ही विषम, सहमूळ.

फरक स्वतःच मोठा असेल तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची, म्हणजे शाळेत शिकवलेली मसाविची भागाकार पद्धत. २९९ आणि ४२० घेऊ. ४२० ला २९९ ने भागा, बाकी १२१. २९९ ला १२१ ने भागा, बाकी ५७. १२१ ला ५७ ने, बाकी ७. ५७ ला ७ ने, बाकी १. बाकी १ आली की सहमूळ. १ न येता थेट ० आली, तर ज्याने शेवटी भागलं तो मसावि, आणि तो १ पेक्षा मोठा असल्याने जोडी सहमूळ नाही. एकाही संख्येचे मूळ अवयव शोधावे लागले नाहीत हे लक्षात घ्या. दोन्ही संख्या शंभर अंकी असल्या तरी संगणक ही पद्धत क्षणात पूर्ण करतो. तितक्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणं मात्र फार जड काम आहे. म्हणून सहमूळ तपासायला अवयव पाडणं ही वाईट सवय. समजण्यासाठी अवयव, तपासण्यासाठी भागाकार.

ही पद्धत फार जुनी आहे. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात पहिलंच प्रमेय याचं आहे: मोठ्यातून लहान वजा करत राहा, शेवटी एकक उरेपर्यंत मधल्या कुठल्याच बाकीने तिच्या आधीच्या संख्येला भाग गेला नाही, तर संख्या सहमूळ. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये कुट्टकात, म्हणजे समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढण्याच्या रीतीत, हाच परस्पर भागाकार वापरला, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त तो नियम म्हणून स्वच्छ मांडला. भाज्य आणि हार (भाजक) एकमेकांनी भागत जा, शेवटची जी शेष तेच त्यांचं अपवर्तन, म्हणजे मसावि. त्याने दोघांना भागलं की मिळणाऱ्या जोडीला भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. आजच्या भाषेत सहमूळ. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. म्हणजे आज शाळेच्या वर्गात चालतो तोच परस्पर भागाकार आठशे वर्षांपूर्वी खानदेशात शिकवण्याच्या यादीत होता.

भास्कराचार्यांनी तिथेच आणखी एक इशारा देऊन ठेवला आहे, आणि समस्या निवारणाच्या दृष्टीने तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला, म्हणजे समीकरणात मिळवलेल्या संख्येला, जात नसेल, तर उदाहरणच सदोष आहे, सोडवत बसू नका. उदाहरणार्थ, ६ रुपयांच्या पेन्सिली आणि ९ रुपयांची खोडरबरं घेऊन बरोबर १०० रुपयांचं बिल होईल का? कितीही जुळवाजुळव करा, होणार नाही. ६ आणि ९ दोन्हींना ३ ने भाग जातो, म्हणून बिलालाही ३ ने भाग जाणार, आणि १०० ला जात नाही. पेन्सिल ५ रुपयांना असती तर? ५ आणि ९ सहमूळ, त्यामुळे ३२ पासून पुढची प्रत्येक पूर्ण रक्कम जमते. ३१ मात्र नाही. ३१ मधून ०, ९, १८, २७ वजा करून पाहा, ५ ने भाग जाणारं काही उरत नाही.

अट लपून बसते त्या जागा

विभाज्यता ही एकच जागा नाही. गणितात जिथे जिथे दोन तुकड्यांची माहिती गुणून एक करायची असते, तिथे ही अट बसलेली असते. आणि गंमत म्हणजे ४ आणि ६ ही जोडी जवळपास प्रत्येक ठिकाणी चूक उघडी पाडते. म्हणून नियमाबद्दल शंका आली की मी आधी ४ आणि ६ घालून बघतो.

विभाजकांची संख्या. "२४ ला एकूण किती विभाजक?" ४ ला तीन, ६ ला चार, म्हणून ३ × ४ = १२? मोजून बघा: १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. आठच. ३ ला दोन आणि ८ ला चार, २ × ४ = ८, हे जुळतं. २४ पेक्षा लहान आणि २४ शी सहमूळ अशा संख्या मोजतानाही तेच. ४ साठी अशा दोन (१, ३), ६ साठीही दोन (१, ५), गुणाकार ४. प्रत्यक्षात आठ आहेत: १, ५, ७, ११, १३, १७, १९, २३. ३ साठी दोन आणि ८ साठी चार असं धरलं की आठ बरोबर येतात. ऑयलरच्या फाय फलाचा गुणाकाराचा नियम म्हणून पुढे जे येतं ते हेच, आणि तिथेही ही अट तशीच लागू.

स्पर्धा परीक्षांत सगळ्यात जास्त गुण जातात ते या प्रकारात: "दोन संख्यांचा मसावि १२ आणि बेरीज १२० आहे. अशा किती जोड्या?" संख्या १२अ आणि १२ब धरल्या की अ + ब = १०. इथे धडाधड पाच जोड्या लिहिल्या जातात: (१, ९), (२, ८), (३, ७), (४, ६), (५, ५). उत्तर मात्र दोनच आहे. (४, ६) घेतलंत तर संख्या होतात ४८ आणि ७२, आणि त्यांचा मसावि १२ नाही, २४ आहे. मसावि बाहेर काढल्यावर आत जे उरतं ते सहमूळ असायलाच हवं, नाहीतर पूर्ण मसावि बाहेर आलाच नव्हता. म्हणून उरतात (१, ९) आणि (३, ७), म्हणजे १२ व १०८, ३६ व ८४. बेरजेऐवजी गुणाकार दिला असेल तरी हाच रस्ता. मसावि १२, गुणाकार ५१८४, तर अ × ब = ३६ आणि सहमूळ जोड्या फक्त (१, ३६) आणि (४, ९). (६, ६) मोहात पाडते, पण ७२ आणि ७२ चा मसावि ७२.

बाकी उरण्याची कोडी. "एका संख्येला ४ ने भागल्यास १ उरतो, ६ ने भागल्यास २ उरतात." अशी संख्याच नाही. पहिली अट तिला विषम ठरवते, दुसरी सम. दुसऱ्या अटीत ३ उरतात असं असतं तर ९, २१, ३३ अशा संख्या मिळाल्या असत्या, दर १२ नंतर एक. दर २४ नंतर नव्हे. भाजक सहमूळ असतील तर मात्र बाक्या कशाही द्या, उत्तर असतंच आणि ते भाजकांच्या गुणाकाराएवढ्या टप्प्यात एकदाच येतं. जुन्या चिनी गणितातलं प्रसिद्ध उदाहरण: ३ ने भागल्यास २, ५ ने भागल्यास ३, ७ ने भागल्यास २ उरतात अशी संख्या कोणती? २३, आणि मग १०५ च्या टप्प्याने १२८, २३३…

√२ अपरिमेय आहे ही सिद्धता नववी-दहावीत येते. पाठ करणारे बरेच जण सुरुवातीला 'समजा √२ = प/फ, जिथे प आणि फ पूर्णांक' एवढंच लिहितात आणि 'सहमूळ' शब्द गाळतात. मग शेवटी 'प सम आहे, फ ही सम आहे' इथवर पोचतात आणि 'म्हणून विसंगती' लिहून मोकळे होतात. पण विसंगती कशाशी? दोन्ही सम असायला कुणी मनाई केली होती? ती मनाई म्हणजेच तो गाळलेला शब्द. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप देता येतं, म्हणून प आणि फ सहमूळ घेता येतात. ते तसे घेतले, आणि तरी दोघांना २ ने भाग गेला. सिद्धतेचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे. तपासणाऱ्याने तिथे गुण कापले तर त्याला दोष देऊ नका.

काट मारणे. साध्या समीकरणात दोन्ही बाजूंना ४ असेल तर आपण बिनदिक्कत उडवतो. बाक्यांच्या हिशोबात तसं चालत नाही. ४ × २ = ८ आणि ४ × ५ = २०, दोघांनाही १२ ने भागलं की ८ उरतात. ४ उडवला तर २ आणि ५ यांची बाकी सारखी असायला हवी, आणि ती नाही. १२ च्या हिशोबात ५, ७, ११ उडवता येतात, कारण ते १२ शी सहमूळ आहेत. हात चालवून बघायचं असेल तर वर्तुळावर घड्याळासारखे बारा ठिपके काढा आणि दर पाचव्या ठिपक्याला रेघ जोडत जा: १२, ५, १०, ३, ८, १, ६, ११, ४, ९, २, ७ आणि परत १२. पेन न उचलता सगळे बारा ठिपके होतात. दर चौथा घेतलात तर १२, ४, ८ आणि परत १२. तीन ठिपक्यांचा त्रिकोण, बाकी नऊ कोरे. पाच टोकांची चांदणी एका दमात निघते आणि सहा टोकांची का निघत नाही, याचं उत्तर याच कागदावर मिळेल.

गोलाकार यादीत ठरावीक उडीने फिरणारा प्रोग्रॅम लिहिला आणि काही नोंदींवर तो कधीच पोचत नाही, अशी तक्रार असेल तर तोही हाच बिघाड: उडी आणि यादीची लांबी सहमूळ नाहीत. लांबी मूळ संख्या ठेवली की १ पासून लांबीच्या आतली कुठलीही उडी चालते.

सांकेतिकीकरणात, म्हणजे संदेश गुप्त करण्यात, हीच चूक जास्त महाग पडते. आरएसए या कूटपद्धतीत कूट करणारा घातांक एका विशिष्ट संख्येशी सहमूळ असावाच लागतो. मूळ संख्या ३ आणि ११ घेऊन खेळण्यातलं उदाहरण करू. गुणाकार ३३, आणि (३ − १) × (११ − १) = २०. संदेशाच्या संख्येचा घात करायचा, त्याला ३३ ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे कूट. घातांक ३ घेतला तर तो २० शी सहमूळ, उलगडणारा घातांक ७ मिळतो, सगळं सुरळीत. ५ घेतला तर? २ चा पाचवा घात ३२. ८ चा पाचवा घात ३२७६८, त्याला ३३ ने भागलं की बाकी पुन्हा ३२. दोन वेगळे संदेश, कूट एकच. आता ३२ पाहून मूळ संदेश २ होता की ८ हे कुणीही सांगू शकणार नाही. विद्यार्थी 'उलगडण्याचा कोड चालत नाही' म्हणून रात्रभर त्यातल्या चुका शोधत बसतात. कोड ठणठणीत असतो, घातांक चुकीचा असतो.

आणि कोडमधलीच एक बारकी खोच. सी भाषेत स्वतः लिहिलेलं मसाविचं फंक्शन ऋण संख्यांवर फसतं. तिथे −९ ला ४ ने भागून येणारी बाकी −१ असते, आणि फंक्शन मसावि −१ म्हणून परत देतं. 'मसावि १ च्या बरोबर आहे का' ही तपासणी मग 'नाही' म्हणते, आणि सहमूळ जोडी नापास होते. आधी दोन्ही संख्यांचं चिन्ह काढून टाका. पायथॉनमध्ये 'मॅथ' मॉड्यूलमधलं तयार जीसीडी वापरलंत तर ही कटकट नाही, ते ऋण उत्तर देत नाही.

तीन किंवा जास्त संख्या असतील तर

इथे 'सहमूळ' या शब्दाने भागत नाही, कुठल्या अर्थाने ते सांगावं लागतं. ६, १० आणि १५ घ्या. तिघांना मिळून भाग जाईल अशी १ शिवाय दुसरी संख्या नाही. तिघांचा मसावि १. पण ६ आणि १० मध्ये २ सामाईक, १० आणि १५ मध्ये ५, ६ आणि १५ मध्ये ३. एकही जोडी सहमूळ नाही. वरचे सगळे गुणाकाराचे नियम मागतात ती दुसरी, कडक अट: प्रत्येक जोडी सहमूळ हवी. नुसता तिघांचा मसावि १ आहे म्हणून लसावि ६ × १० × १५ = ९०० लिहिलंत तर चुकलात, लसावि ३० आहे. 'मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार' हे सूत्र दोन संख्यांपुरतंच, तेही याच कारणाने. तीन संख्यांना ते लावल्याची उदाहरणं सराव पुस्तिकांच्या उत्तरांतही कधीकधी दिसतात, तेव्हा छापील उत्तरावरही डोळे झाकून जाऊ नका.

प्रत्येक जोडी तपासायची म्हटलं की काम वाढतं. चार संख्यांच्या सहा जोड्या, दहा संख्यांच्या ४५. पण तेवढ्या तपासाव्या लागत नाहीत. पहिल्या दोन सहमूळ आहेत का बघा; असतील तर त्यांचा गुणाकार करा आणि तो तिसरीशी सहमूळ आहे का बघा; मग तिघांचा गुणाकार चौथीशी. ४, ९, २५, ४९ साठी: ४ आणि ९ ठीक, ३६ आणि २५ ठीक, ९०० आणि ४९ ठीक. सहाऐवजी तीन तपासण्यांत काम झालं. दहा संख्यांना ४५ ऐवजी नऊ. मध्ये कुठेही मसावि १ पेक्षा मोठा आला की तिथेच थांबा, गुणाकाराचा नियम त्या संचाला लागू नाही. मग लसावि काढा आणि त्यावरच पुढे जा.